विलंबाची कारणे

अधिवेशनासाठी आलेल्या प्रश्नांची यादी हातात पडली की तिच्या घरी एक ठरलेली थट्टा होत असे. दिवसभर औषधाच्या दुकानात उभा राहून आलेला नवरा चपला काढता काढता विचारी, "काय, आलं का माहेरचं पत्र?"

"आलं."

"मेव्हणे काय म्हणतात?"

"हे खरे आहे काय, म्हणतात."

नवरा हसे, तीही हसे आणि विषय तिथेच संपे. तो तिथेच संपवावा, एवढं शहाणपण इतक्या वर्षांच्या संसाराने दोघांनाही शिकवलं होतं.

ती बांधकाम खात्याच्या प्रश्नकक्षात सहायक होती. रस्ते, पूल, धक्के, शाळांच्या गळक्या इमारती यांविषयी सदस्यांनी विचारलेले प्रश्न त्या कक्षात येत. उत्तर तिने लिहायचं, उपसचिवांनी तपासायचं आणि मंत्र्यांनी सभागृहात वाचायचं, असा शिरस्ता होता. आणि खाडीपलीकडच्या मतदारसंघातून दहा वर्षांपूर्वी निवडून आलेला, दर अधिवेशनात खाडीवरच्या अर्धवट पुलाविषयी विचारणारा सदस्य हा तिचा सख्खा थोरला भाऊ होता. सतरा वर्षांत तो तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. तो विचारत होता आणि ती उत्तर देत होती. मधे मंत्री होते, अध्यक्ष होते, छापखाना होता.

यंदाच्या यादीत दादाचा प्रश्न तिसरा होता.

कोणाचा प्रश्न आधी घ्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे, आणि दादाची चिठ्ठी आजवर कधी तिसावी निघाली होती, कधी एक्केचाळिसावी. प्रश्नोत्तरांचा तास दहा-बारा प्रश्नांतच आटोपतो. त्यामुळे त्याचा प्रश्न कधी पुकारलाच गेला नव्हता, छापील उत्तर तेवढं टेबलावर ठेवलं जाई. यंदा मात्र तो उभा राहून विचारणार होता. हे या सभागृहाचं शेवटचं अधिवेशन होतं. सभागृह विसर्जित झालं की राहिलेले प्रश्न आपोआप रद्द होतात. शिवाय आपण पुन्हा निवडणुकीला उभं राहणार नाही, असं दादाने जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे माहेरचं हे शेवटचं पत्र. ते बंद होण्याआधी दादाने एकदा, फक्त एकदा, आपल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. काय बोलावं, याबद्दल तिची काहीही अट नव्हती. चार माणसांत खडसावलं असतं, तरी तिने ते पदरात घेतलं असतं.

भांडणाचं मूळ त्या पुलातच होतं. वडील धक्क्यावर तरीची, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीची, तिकिटं फाडायचे. पलीकडच्या काठावर, धक्क्यामागेच त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. वडील गेल्यावर दादाने ते हाती घेतलं. स्वतःचं लग्न ठरल्यावर त्याने साठवलेल्या पैशातून पुढच्या खोलीसाठी फरश्या आणल्या आणि गवंडी न लावता त्या स्वतःच बसवायला घेतल्या. ती तेव्हा खात्यात नुकतीच लागली होती आणि पुलाकडे येणाऱ्या रस्त्यासाठी जाणाऱ्या घरांची यादी तिनेच टंकलिखित केली होती. चौदाव्या क्रमांकावर त्यांचं घर होतं. यादी प्रसिद्ध होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ तिच्याकडून लिहून घेतलेली होती. त्या शनिवारी ती तरीने खाडी ओलांडून घरी गेली. दादा गुडघ्यांवर बसून, पाणसळ लावून फरश्या बसवत होता. "मुंगे, ती दे. नको, ती नको, तिचा कोपरा उडालाय," असं म्हणत होता. लहानपणापासून सदानकदा काहीतरी वाहून नेणारी म्हणून त्याने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. दोन दिवस ती त्याला फरश्या उचलून देत होती आणि तिच्या तोंडाला कुलूप होतं.

बारा दिवसांनी नोटीस निघाली. दादा शहरात आला, कचेरीच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "तू मला फरश्या उचलून दिल्यास." त्यानंतर तो बोलला नाही. घर पडलं. पाण्यात पुलाचे दोन खांब उभे राहिले आणि तसेच राहिले. तिच्या लग्नाला आई एकटीच आली. आई होती तोवर तिच्या पत्रांतून दादाची खबर मिळे. भाड्याच्या खोलीत आई गेली आणि तो दरवाजाही लागला.

मग तो निवडून आला आणि खबर नव्याने मिळू लागली, पण उलगडून घ्यावी लागणारी. दादा फक्त पुलाचंच विचारत नसे. त्याला आयातशुल्काचीही तिडीक होती; असणारच, कारण पुलाचं सगळं घोंगडं भिजत पडलं होतं ते त्याच कुंडात. परदेशातून आणलेले पोलादी दोर, प्रत्येकी एका खोलीएवढ्या सात लाकडी रिळांवर गुंडाळलेले, बंदराच्या गोदामात अडकले होते. पण शुल्काची अनुसूची चाळता चाळता त्याचं लक्ष इतर जिनसांकडेही जाई. एका वर्षी त्याने चष्म्याच्या भिंगांवरच्या शुल्काचं विचारलं. तिने मनाशी म्हटलं, दादाला चाळिशी लागली. पुढे एकदा गुडघ्याच्या पट्ट्यांचं विचारलं. म्हणजे जिने चढवत नाहीत. आणि तीन वर्षांपूर्वी त्याने लागोपाठ दोन अधिवेशनांत लहान मुलांच्या कानाच्या यंत्रांवरील शुल्काविषयी विचारलं. ते प्रश्न अर्थखात्याचे. त्यांचं उत्तर देणं तिच्या हाती नव्हतं. छापील यादीतली ती ओळ तिने कितीदा वाचली असेल. कोणाचे कान? त्याला दोन मुली आहेत एवढं तिला ठाऊक होतं. थोरलीचे की धाकटीचे? हे ज्याला विचारायचं त्याच एका माणसाला तिला विचारता येत नव्हतं.

आताच्या प्रश्नाचे तीन भाग होते. खाडीवरील पुलाचे दोर शुल्कमाफीअभावी नऊ वर्षे गोदामात पडून आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, असे दोर देशात तयार होत नाहीत हे माफीसाठी लागणारे प्रमाणपत्र बांधकाम खात्याने सीमाशुल्क कार्यालयास कोणत्या दिनांकास व कोणत्या जावक क्रमांकाने पाठविले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिला आणि तिसरा भाग दरवर्षीचेच. दुसरा मात्र नवा होता. आजवर तो "प्रमाणपत्र देण्यात आले आहे काय" असं विचारी आणि ती "होय" लिही. अर्थखातं दुसरीकडे "कागदपत्रांची पूर्तता झालेली नाही" असं लिही. यंदा दादाने नुसता होकार मागितला नव्हता, तारीख आणि क्रमांक मागितला होता. जावक क्रमांक म्हणजे पत्र कचेरीतून बाहेर पडताना नोंदवहीत त्याला मिळणारा आकडा. तो नसेल तर पत्र गेलंच नाही. दादाने बरोबर शिरेवर बोट ठेवलं होतं. ती मनातल्या मनात म्हणाली, "शाब्बास," आणि जावक नोंदवह्या काढायला अभिलेख खोलीत गेली.

तीन दिवस तिने नोंदवह्या चाळल्या. प्रमाणपत्रावर मुख्य अभियंत्यांची सही झाली होती आठ वर्षांपूर्वी. त्या तारखेपुढच्या चौदा महिन्यांत सीमाशुल्क कार्यालयाला छत्र्यांच्या खरेदीबाबत एक पत्र गेलं होतं, कुंपणाच्या भिंतीबाबत दोन गेली होती. दोरांबाबत एकही नाही. मग तिने त्या वर्षीची प्रश्नधारिका उघडली आणि शेवटच्या पानावरचा शिक्का पाहून ती होती तिथेच, दोन कपाटांच्या मधल्या लाकडी घोडीवर, बसून राहिली. "मूळ प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवली. धारिका बंद." खाली आद्याक्षरं तिची.

तेव्हा तिला सगळं आठवलं. सहीची प्रत एकच होती. सीमाशुल्काकडे साधी प्रत चालत नाही आणि पटलावरही साधी प्रत चालत नाही. तिने विचार केला होता: मूळ प्रत आधी उत्तराला जोडू. पटलावर ठेवलेल्या कागदाची प्रत प्रश्नकर्त्याला मिळते; दादाच्या हातात पडेल, त्याला दिसेल की काम हललंय, आपण हलवलंय. सीमाशुल्कासाठी दुसरी प्रत उद्या सही करून घेऊ. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला ताप भरला. आठवड्याने ती परतली तेव्हा मुख्य अभियंत्यांची बदली झाली होती आणि तिचं टेबलही. अडीच वर्षांनी ती या टेबलावर परत आली, तोवर मागच्या उत्तरावरून पुढचं उत्तर लिहिण्याची वहिवाट पडून गेली होती. प्रमाणपत्र सभागृहात मांडलं, म्हणजे साऱ्या जगाला कळवलं, असा खात्यातल्या लहानथोरांचा समज होता. ते दोन गल्ल्या पलीकडच्या कचेरीतही पाठवावं लागतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आणि सीमाशुल्क कार्यालय वाट पाहत होतं. वाट पाहणं हे त्या कार्यालयाचं नेहमीचंच काम असल्याने त्यातही कोणाला काही वावगं वाटलं नाही.

आठ वर्षं. तो पूल कासऱ्याने बांधल्यासारखा तिथेच उभा होता आणि गाठ तिने मारली होती, तीही मायेपोटी.

उपसचिवांनी टिपण वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा डोळ्यांवर आणला. निवृत्तीला पाच महिने राहिलेला, कोणाच्याही वाटेला न जाणारा सज्जन माणूस.

"बाई, हे काय लिहिलंय? 'कक्षातील सहायकाच्या चुकीमुळे'?"

"खरं तेच लिहिलंय, साहेब."

"खरं आहे हो. पण खरं असलं म्हणून काय झालं? 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं लिहा. सभागृह आठवडाभरात विसर्जित. प्रश्न आपोआप निकालात."

"माहिती संकलित झालीये, साहेब. माझ्या टेबलावरच आहे."

"मग थोडी विखुरता येईल की!"

ती हसली नाही. ती हसली नाही हे पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं. "बसा. हे सदस्य तुमचे कोण लागतात, हे या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. माझ्या शिपायालासुद्धा. म्हणून म्हणतो, या भानगडीतून अंग काढून घ्या. मी दुसऱ्या कोणाकडून उत्तर लिहून घेतो."

"दुसरा कोणी 'होय' लिहील, साहेब. मागच्यावरून. आणि दोर पुन्हा पाच वर्षं तिथेच राहतील."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर फूटपाथ खणून ठेवला होता. त्यांच्याच खात्याचं काम. "ठीक आहे. पण एक गोष्ट मी काटणार. सभागृहात कारकुनाचा उल्लेख करत नाहीत. चूक खात्याची असते. तुम्ही एकट्यानेच ती घेऊन बसायचं, असं चालत नाही आपल्यात." त्यांनी ते तीन शब्द खोडून वर 'नजरचुकीने' लिहिलं आणि सही केली. नजरचूक नव्हती ती, असं तिच्या ओठांवर आलं होतं. नजर चांगली उघडी होती, फक्त तिला दुसरंच काही दिसत होतं. पण साहेबांनी सही केली होती, हेच पुष्कळ होतं.

राहिले उपप्रश्न. प्रश्न पुकारला जाणार म्हटल्यावर सदस्य उभं राहून आणखी काय विचारील, याचा अंदाज बांधून उत्तरं तयार ठेवावी लागतात. हे काम तिच्यासारखं कोणाला जमत नसे, असं साहेब नेहमी म्हणत. पण या वेळी ते काम नव्हतंच. चार संध्याकाळी, मुलगा अभ्यासाला बसला की, ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दादा होत असे. तो आधी गोडीत विचारील. मग दोर गंजलेत का विचारील. मग आवाज न चढवता, हात मागे बांधून, वर्मावर घाव घालील. आईशी वाद घालताना असाच करायचा. दोरांना ग्रीस कितीदा लावलं? रिळं उन्हात आहेत की सावलीत? तपासणी कोण करणार? तरीच्या किती फेऱ्या रद्द झाल्या? एकेका प्रश्नासरशी त्याचा आवाज तिच्या कानात उभा राही आणि उत्तर लिहून झालं की तिला वाईट वाटे, कारण मग तो थांबे. बेचाळीस उपप्रश्न झाले.

"बेचाळीस?" नवरा म्हणाला. "अगं, माणूस एक नाहीतर दोन विचारतो."

"माहीत आहे."

"मग?"

तिने पानं एकावर एक लावली. नवऱ्याने तिच्यासमोरचा थंड झालेला चहा उचलला, गरम करून आणला आणि पुन्हा ठेवला.

अधिकाऱ्यांना बसायला सभागृहात बाजूला, कठड्यामागे दोन बाकं होती. तिथून मंत्र्यांकडे चिठ्ठी पाठवता येई, बोलता मात्र येत नसे. साहेबांचा घसा बसला होता. बसला होता की त्यांनी बसवून घेतला होता, कोण जाणे. त्यांनी तिलाच पुढच्या बाकावर बसवलं. समोरच्या बाजूला, चौथ्या रांगेत दादा होता. सतरा वर्षांनी ती त्याला इतक्या जवळून पाहत होती. केस पांढरे झाले होते आणि पुढचे गेले होते. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि पट्ट्यांचा तिचा अंदाज खरा ठरला.

"प्रश्न क्रमांक तीन, अध्यक्ष महाराज."

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. "एक, होय, हे खरे आहे. दोन, प्रमाणपत्र सीमाशुल्क कार्यालयास पाठविण्यात आलेले नाही." सभागृहात कुजबुज झाली. मंत्री क्षणभर अडखळले, वाचलेल्यावर विश्वास बसत नसल्यासारखे. "तीन, प्रमाणपत्राची मूळ प्रत नजरचुकीने पटलावर ठेवण्यात आल्याने विलंब झाला. तिची प्रमाणित प्रत प्राप्त करून सीमाशुल्क कार्यालयास तात्काळ पाठविण्यात येत आहे."

दादा उभाच होता. आठ वर्षं दोन खात्यांची टोलवाटोलवी पाहिलेल्या माणसाला असं सरळ उत्तर येईल, याची तयारी नसावी. त्याच्या हातातला कागद त्याने दुमडला. बेचाळिसांपैकी आता कोणता, असं म्हणत तिने पानं सावरली.

"अध्यक्ष महाराज, माझा एकच उपप्रश्न आहे. हे केलं कोणी?"

हा प्रश्न तिच्या पानांत नव्हता.

मंत्र्यांनी मान वळवून कठड्याकडे पाहिलं. साहेब मागून पुटपुटले, "चूक खात्याची. एवढंच लिहा." तिने चिठ्ठी घेतली. लिहिलं, 'चूक खात्याची आहे. खाते दिलगीर आहे.' पेन उचललं, आणि पुन्हा टेकवलं. 'मूळ प्रत जोडली ती सन्माननीय सदस्यांच्या हाती पडावी म्हणून.' साहेबांनी वाचायच्या आत चिठ्ठी शिपायाच्या हातात गेली होती.

मंत्र्यांनी ती जशी आली तशी वाचली. "चूक खात्याची आहे आणि खाते दिलगीर आहे. मूळ प्रत जोडली ती... सन्माननीय सदस्यांच्या हाती पडावी म्हणून."

सगळं सभागृह हसलं. पलीकडून कोणी ओरडलं, "फारच माया दिसते हो खात्याची!" हशा आणखी वाढला. दादा हसला नाही. त्याने पहिल्यांदाच कठड्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही. घालायची नाही एवढंच तिला त्या क्षणी सुचलं.

"सन्माननीय सदस्यांचं समाधान झालं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला आणखी काही विचारायचं नाही," दादा म्हणाला आणि बसला.

झालं. एवढंच. चौथा प्रश्न एका शाळेच्या छपराविषयी होता.

पटलावरच्या कागदाची प्रमाणित प्रत सभागृहाच्या ग्रंथालयात मिळते आणि ती सीमाशुल्काकडे मूळ प्रतीसारखीच चालते. ती तिथे पोचली तेव्हा ग्रंथपालाने हात झटकले. "आत्ताच गेली. सदस्य स्वतः घेऊन गेले. पायऱ्या उतरताना दिसतील."

पायऱ्यांवर तो नव्हता. तिच्याकडे जावक क्रमांक घातलेलं खात्याचं पत्र होतं, सोबतचं प्रमाणपत्र नव्हतं. नुसतं पत्र घेऊन जाण्यात अर्थ नाही, हे कळत असूनही कचेरीकडे परतायला तिचा पाय निघेना. ती दोन गल्ल्या चालत सीमाशुल्क कार्यालयात गेली.

आवक खिडकी जेवणाच्या सुटीसाठी बंद होती. समोरच्या बाकावर दादा बसला होता. मांडीवर लिफाफा. तिला पाहून तो दचकला नाही. त्याने लिफाफा उचलला आणि बाकाच्या एका टोकाला सरकला. ती दुसऱ्या टोकाला बसली.

"नुसतं प्रमाणपत्र घेणार नाहीत," ती म्हणाली. "खात्याचं पत्र लागतं वर."

"म्हणून तर बसलोय."

"म्हणजे?"

"तू आणशील म्हणून." तो समोरच्या बंद खिडकीकडे पाहत म्हणाला. "तात्काळ म्हणालात ना? आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणालात. बघावं म्हटलं, तात्काळ म्हणजे किती वेळ."

"वीस मिनिटं."

"बरी आहे प्रगती."

एक माणूस हातगाडीवरून खोके नेत होता. चाक कुरकुरत लांब गेलं.

"उपप्रश्न किती लिहिले होतेस?"

"बेचाळीस."

"मी विचारला तो त्यात होता?"

"नव्हता."

"का?"

"त्याचं उत्तर मला लिहिता आलं नसतं, दादा."

त्याने मान हलवली. तिच्या मनात फरश्यांचं आलं, आईचं आलं. जे विचारायचं धाडस झालं ते भलतंच होतं.

"कानाच्या यंत्राचं विचारलं होतंस. तीन वर्षांपूर्वी. ते कोणासाठी?"

दादाने आता कुठे तिच्याकडे वळून पाहिलं. "तू ते वाचलंस?"

"सगळं वाचते."

"धाकटीसाठी." त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. "जन्मापासूनच कमी ऐकू येतं."

"आता येतं?"

"यंत्र लावलं की येतं. रागावलं की काढून ठेवते. मग घरात तिचंच राज्य. तुझ्यावर गेलीये, तोंडाला कुलूप घालून बसते."

तो हे सहज बोलून गेला, आणि मग काय बोलून गेलो हे त्याच्याही ध्यानात आलं. तिला वाटलं, आता हा उठेल. तो उठला नाही. म्हणाला, "शपथ होती तुला, मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. पण घर गेल्यावर रागवायला कोणीतरी माणूस लागतं, मुंगे. खात्यावर काय रागावणार?"

सतरा वर्षांत इतकी वाक्यं तिने मनाशी जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

खिडकी वर सरकली. आतल्या कारकुनाने ओठ पुसत दोघांकडे पाहिलं. "कोण आधी?"

"एकच काम आहे," दादा म्हणाला. त्याने लिफाफा पुढे केला, तिने पत्र. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, आकडे पडताळले, सही उजेडात धरून पाहिली आणि शिक्का मारला. सगळ्या कामाला चार मिनिटं लागली.

"दोर तपासल्याशिवाय सुटणार नाहीत हां. नऊ वर्षं पडलेत. तपासणीत निघाले कच्चे तर माफी मिळूनही उपयोग नाही. आधीच सांगून ठेवतो."

"कधी कळेल?" तिने विचारलं.

"ते आमच्या हातात नाही." त्याने पोचपावतीचं पुस्तक ओढलं. "पोच कोणाच्या नावाने करू?"

ती काही बोलायच्या आत दादाने तिचं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, तिचं, तिच्या नवऱ्याचं, सासरचं आडनाव, जे उच्चारण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलाच नव्हता. कुठेही न अडखळता. कारकुनाने ते लिहून घेतलं, पावती फाडून तिच्या हातात दिली आणि खिडकीतून मान काढून पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर ऊन होतं. दादाने घड्याळात पाहिलं. "तरीची फेरी साडेचारला सुटते," तो म्हणाला. 'ये' म्हणाला नाही, 'येतो' म्हणाला नाही. तो धक्क्याच्या दिशेने चालू लागला. पण मागून कोणीतरी येत असावं आणि त्याला गाठता यावं, इतका हळू.